केळीच्या वासापासून डिकपलिंग शीक

भाऊ, जळगावात एमएस्सी करतोस, तर एनएमआरमधलं (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजण्याचं तंत्र) डिकपलिंग, म्हणजे एका केंद्रकाचा शेजाऱ्याच्या सिग्नलवरचा परिणाम बंद करणं, शिकायला सुरुवात आयसोअमाइल अ‍ॅसिटेटपासून कर. पिकल्या केळीचा वास तोच, आणि रेणू शिकायला फार प्रामाणिक आहे.

आधी साधा प्रोटॉन स्पेक्ट्रम, म्हणजे हायड्रोजनच्या सिग्नलांचा आलेख, घे. ४.१ पीपीएमजवळ (पीपीएम म्हणजे आलेखावरच्या जागेचं माप) ऑक्सिजनशेजारच्या सीएचटूचा ट्रिपलेट, म्हणजे शेजारच्या दोन हायड्रोजनमुळे तीन रेषांत फुटलेला सिग्नल, दिसेल. आता १.५ च्या सीएचटूवर दुसरी रेडिओ फ्रिक्वेन्सी लाव. ट्रिपलेटच्या तिन्ही रेषा मिटून एकच उंच रेष उभी राहते. कोण कोणाचा शेजारी, ते डोळ्यांसमोर सिद्ध झालं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तो कागद हातातून सोडला नव्हता.

या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीच्या पॉवरचं मात्र जपून. १.५ च्या शेजारीच, १.७ जवळ, सीएचचा सिग्नल आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर अंतर जेमतेम ६०-७० हर्ट्झ. पॉवर जास्त झाली तर तोही दाबला जातो, ०.९ चा मिथाइल डबलेट (दोन रेषांचा सिग्नल) बिघडतो आणि तू भलताच निष्कर्ष काढतोस. माझं असंच झालं होतं, आठवडा वाया गेला. म्हणून रिकाम्या जागी इरॅडिएशन, म्हणजे तीच दुसरी फ्रिक्वेन्सी, ठेवून एक कंट्रोल स्पेक्ट्रम घेच, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघ. इरॅडिएशनजवळच्या रेषा किंचित सरकतात, त्याला घाबरू नकोस.

कार्बन-१३ च्या स्पेक्ट्रममध्ये प्रोटॉन डिकपलिंग नेहमीचंच. तिथे ओव्हरहाउजर परिणामाने, म्हणजे डिकपल केलेल्या प्रोटॉनांमुळे शेजारच्या कार्बनचा सिग्नल वाढल्याने, हायड्रोजनवाल्या कार्बनची उंची जवळपास तिपटीपर्यंत वाढते, हायड्रोजन नसलेला कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेला कार्बन) मागे राहतो. त्या उंचीवरून कार्बन मोजू नकोस.