वादळात एकट्याने शिडाची होडी कशी सांभाळता? आणि झोपता कधी?

एकट्याने बरेच लांब पल्ले मारलेत म्हणून सांगतो. रात्रभर सुकाणू धरून उभं राहणं वगैरे काही नसतं, एकटा माणूस तेवढा टिकतच नाही. सुकाणू विंडव्हेन (वाऱ्याच्या दिशेवर आपोआप सुकाणू फिरवणारं यंत्र) सांभाळतं, आपण आत दार लावून कुठेतरी पाय अडकवून बसलेले असतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ओकत असतो.

कामं असतात ती वारा चढायच्या आधी. २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किमी) वारा ४० झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणून रीफ घ्यायचं (शीड आखूड करायचं) मनात आलं की लगेच घ्यायचं. मी एकदा "अर्धा तास बघू" म्हणत बसलो आणि मग तेच काम अंधारात, हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) जॅकलाइनला, म्हणजे डेकवर लांब ताणलेल्या दोरीला अडकवून, डेकवर रांगत रांगत करावं लागलं. एकटे असताना पाण्यात पडलात तर होडी विंडव्हेनवर मस्त पुढे निघून जाते, वळवून आणायला कोण आहे? मला वाऱ्यापेक्षा याचीच जास्त धास्ती असते.

मग हीव्ह-टू. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ताणायचं आणि सुकाणू असं बांधायचं की होडी वाऱ्याकडे वळू बघेल, दोघं एकमेकांना अडवतात आणि होडी जवळपास थांबते. एकदम इतकं शांत होतं की खोटं वाटतं.

पण लाटा फुटायला लागल्या की हे पुरेलच असं नाही. नुसती उंच लाट खालून निघून जाते, फुटणारी लाट आडवी बसली तर होडी उलटू शकते. तेव्हा मी वाऱ्याला पाठ देऊन पळतो आणि मागे ड्रोग (दोरीने ओढत न्यायचा, पाण्यात ब्रेकसारखा अडथळा) सोडतो, म्हणजे होडी लाटेवरून सुसाट घसरत नाही. अर्थात त्याचीही गॅरंटी नाही, २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये (एकट्याने जगाला फेरी मारायची शर्यत) ब्रिटनच्या सुझी गुडॉलच्या ड्रोगची दोरी तुटली, होडी नाकावर पालथी झाली आणि डोलकाठी गेली. त्याच रेसमध्ये भारताच्या अभिलाष टॉमीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर मार, सुटका होईपर्यंत तीन दिवस आत पडून. आणि हो, घाबरून किनाऱ्याकडे धावू नका, उथळ पाण्यात लाटा जास्त फुटतात.

झोप २०-२० मिनिटांची, कानाशी मोठा अलार्म. क्षितिजावर दिसलेलं जहाज अंगावर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पावसात क्षितिजच दिसत नाही, तेव्हा एआयएसचा (जवळच्या जहाजांचे रेडिओ संदेश पकडून ती कुठे आहेत ते दाखवणारी यंत्रणा) अलार्म लावून पडायचं.