सामूहिक क्वांटम वर्तन दिसायला किमान किती कण लागतात?

म्हणजे एकट्या कणात नसलेलं, अनेक कण मिळूनच दाखवतात असं वर्तन. त्याला कधी साठ, कधी बारा, कधी चार-पाचसुद्धा पुरतात. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'आमचे सर म्हणतात, १०²³ कण (म्हणजे हातात धरता येईल एवढा पदार्थ) असल्याशिवाय असलं काही बोलूच नये', म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडेही असे एक सर होते. विभागाच्या सेमिनारमध्ये मी ग्यॉटिंगेनचा १९९८ चा प्रयोग मांडत होतो. हेलियम-३ चा थेंब, तापमान ०.१५ केल्विन, आत कार्बोनिल सल्फाइडचा एकच रेणू. एवढ्या तापमानाला हेलियम-३ अतिप्रवाही (म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा) नसतो, त्यामुळे रेणूचं फिरणं अडखळतं आणि वर्णपटात (रेणू कोणत्या लहरलांबीचा प्रकाश किती शोषतो त्याच्या आलेखात) नुसता पसरट उंचवटा येतो. मग त्यात हेलियम-४ चे अणू थोडे थोडे मिसळत गेले. ते रेणूभोवती जमतात. साधारण साठ झाले आणि उंचवटा मोडून सुट्या, धारदार रेषा दिसल्या. रेणू मोकळा फिरत होता, म्हणजे भोवतीचे साठ अणू अतिप्रवाही झाले होते!

पहिल्या बाकावरून सर म्हणाले, "साठ अणूंना पदार्थ कोण म्हणतं? केमिस्ट्रीत जा." सगळे हसले. मी विचारलं, "मग कितव्या अणूपासून म्हणायचं?" तर म्हणे, "वेळ संपली."

पुढे हायडेलबर्गला सेलिम योखिम यांच्या गटाने लिथियम-६ चे अणू अक्षरशः मोजून सापळ्यात ठेवले. २०१३ मध्ये एका अणूभोवती विरुद्ध स्पिनचे (स्पिन हा कणाचा एक क्वांटम गुणधर्म) अणू एकेक करून वाढवले. चार-पाचातच अन्योन्यक्रियेची ऊर्जा अनंत कणांच्या सूत्राला जवळपास जाऊन भिडली. २०२० मध्ये द्विमितीय सापळ्यात २, ६, १२ अणू ठेवले, म्हणजे भरलेली कवचं (ऊर्जेच्या पायऱ्या, ज्यांत ठरावीकच अणू मावतात). कवच भरलं की जोडी वर उचलायला ऊर्जा लागते. आकर्षण वाढवत नेलं की ती आधी घटते, मग वाढते, आणि अणू जास्त तितका हा खड्डा खोल. अतिप्रवाही अवस्थेकडे होणाऱ्या बदलाची ही खूण. २०२२ मध्ये त्याच बारा अणूंत कूपर जोड्या (विरुद्ध स्पिन आणि विरुद्ध संवेगाच्या कणांच्या जोड्या, अतिप्रवाहाचं मूळ) थेट टिपल्या.

तेव्हा या विषयात काम करायचं असेल तर खुशाल करा. गाईड नको म्हणत असेल तर गाईड बदला. १०²³ चा धाक दाखवणाऱ्यांनी बहुधा गेल्या पंचवीस वर्षांतलं काही वाचलेलं नसतं.

हां, बारा अणूंत काटेकोर अर्थाने प्रावस्था-संक्रमण (पदार्थाचं एका अवस्थेतून दुसरीत जाणं) होत नाही, त्याची चाहूल लागते. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर. आणि चार-पाच हा आकडा एकमितीय सापळ्यातला आहे, तो त्रिमितीत तसाच नेऊ नका.