एका आठवड्यात चार नाटके

प्रश्न : दिवाळीनंतर जुन्या मैत्रिणी नागपुरात येत आहेत. आठवड्यात चार नाटके आणि रोज कुणाकडे तरी रात्रीचे जेवण ठरले आहे. हे झेपेल का?

उत्तर : एक नाटक कमी करा आणि जेवणे दुपारी ठेवा. रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहातला रात्रीचा प्रयोग पाहून, त्यावर झणझणीत सावजी जेवून उशिरा घरी पोहोचलात, तर दुसऱ्या दिवशी देशपांडे सभागृहात पहिल्या अंकातच डोळे मिटू लागतील. मध्यंतरात चहाचा कप हातात धरून जी चर्चा रंगते, तीच मला खरी भेट वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाकडे झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्याच्या लोकरंगभूमीचे, नाटक मात्र अवश्य दाखवा. ते पहाटेपर्यंत चालते, तेव्हा दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा.