मेट्रो आली म्हणून पूररेषा सरकते का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात सिंहगड रोडला मुठा नदीच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत फ्लॅट बघताय. एजंट म्हणतो, मेट्रो मंजूर झाली, आता पुनर्विकासात चारचा एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकाम) मिळणार, पूररेषेचं काय ते 'तेव्हा बघता येईल'. यात तथ्य किती?

एजंट अर्धं खरं सांगतोय. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात महापालिकेच्या परवानगीची प्रकरणं बघतो, त्यामुळे हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं.

आधी त्याचं खरं अर्धं. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला या मार्गिकेला केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, आणि ती सिंहगड रोडवरूनच जाते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, मेट्रो स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरला टीओडी झोन, म्हणजे मेट्रोलगत दाट बांधकामाला वाव देणारा पट्टा, म्हणतात. तिथे रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून जास्तीत जास्त ४ पर्यंत एफएसआय मिळतो. 'जास्तीत जास्त' हे शब्द एजंट गिळतो. आतल्या नऊ मीटर रस्त्यावरच्या छोट्या प्लॉटला चार विसरा.

आता दुसरं अर्धं. पूररेषा महापालिका ठरवत नाही. जलसंपदा विभाग ती आखून देतो आणि महापालिका ती विकास आराखड्यावर उतरवते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुठेला खडकवासला धरणातून ६० हजार क्युसेकचा (सेकंदाला ६० हजार घनफूट) विसर्ग धरून निळी आणि १ लाखाचा धरून लाल, असा हिशोब आहे. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकाम नाही. बाग, उघडं पार्किंग, भाजी मंडई, स्मशानभूमी असलं चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. निळ्याच्या आत जुनी अधिकृत इमारत असेल तर पुनर्विकासाला हीच उंचीची अट घालून वाट ठेवली आहे. मेट्रो आली म्हणून यातली एकही रेषा इंचभर हलत नाही.

इथपर्यंतचं नियमावली वाचून कुणालाही कळेल. माझी खरी तक्रार पुढे आहे.

सिंहगड रोड बरंच अंतर नदीला धरून जातो. स्टेशनवर कंपास टेकवून ५०० मीटरचं वर्तुळ काढलंत तर काही ठिकाणी त्याची कड थेट नदीकडे उतरेल. म्हणजे एका नकाशावर जिथे 'जपून बांधा' लिहिलंय तिथेच दुसरा नकाशा 'जास्त बांधा' म्हणतो. कागदावर दोन्हींचा मेळ बसतो, कारण पूररेषेची अट शेवटी एका इमारतीच्या उंचीची अट आहे. बारा मजले चढवा, जोतं वर घ्या, खाली पार्किंग सोडा, झालं. पण समोरचा रस्ता कोण उचलणार? पुराच्या दिवशी सहाव्या मजल्यावरचा माणूस कोरडा असतो, आणि लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, पंप, जनरेटर आणि गाड्या पाण्यात. पूर्वी त्या प्लॉटवर सोळा कुटुंबं अडकायची, आता ऐंशी अडकतील. शिवाय प्रत्येकजण आपापल्या प्लॉटवर भराव टाकतो. ते पाणी कुठेतरी जातंच, बहुतेक शेजारच्या न उचललेल्या बंगल्यात.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रोडलगतच्या एकतानगरीत नेमकं हे दिसलं. खडकवासल्यातून विसर्ग होता सुमारे ३५ हजार क्युसेक, म्हणजे निळ्या रेषेच्या हिशोबाच्या निम्म्याहून थोडा जास्त. तरी तळमजले बुडाले, लष्कराला बोलवावं लागलं. बाजूच्याच एका सोसायटीचं प्रकरण आमच्याकडे होतं, म्हणून पाणी ओसरल्यावर मी गेलो होतो. वॉचमनच्या खोलीत गॅसची शेगडी चिखलाने भरलेली होती, आणि चेअरमन काका मला विचारत होते की साइड मार्जिनचं, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेचं, काय झालं.

निळ्याच्या आत पाणी येणं तसं नियमाला धरूनच आहे. पण धरणाचा आकडा म्हणजे सगळी नदी नव्हे. खडकवासला जेमतेम १.९७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), मागे पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं. खडकवासला भरलं की वरून येईल तेवढं खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. आणि धरणाच्या खाली पडणारा पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत येतो, त्याला दरवाजा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहरातल्या आंबिल ओढ्याला जो पूर आला त्यात तर मुठेचा संबंधही नव्हता. सध्याच्या रेषांवर जाणकारांचा आक्षेप याच धरणाखालच्या मुक्त पाणलोटाबद्दल आहे, आणि मला तो पटतो. उद्या रेषा नव्याने आखल्या तर त्या नदीपासून लांबच जातील, जवळ येणार नाहीत. तुमचा पुनर्विकास तेव्हा कुठे पोचलेला असेल, हे एजंटला विचारून बघा.

'मेट्रोच नदीत बांधली, मग आम्हालाच का अडवता?' हे हमखास ऐकू येतं. वनाज-रामवाडी मार्गिकेचे खांब डेक्कनजवळ मुठेच्या पात्रात आहेत, त्यावर हरित लवादात केसही झाली. तो वाद मोठा आहे. माझ्या मते खांबांपेक्षा स्टेशनभोवतीच्या वर्तुळातलं बांधकाम जास्त पाणी अडवेल, पण यावर ऑफिसात आमच्या सरांशी माझं पटत नाही.

आता तुमच्या कामाचं. महापालिकेतून झोन दाखला काढा आणि त्यावर दोन्ही पूररेषा दाखवून मागा. मग मंगळवार पेठेत जलसंपदा विभागाच्या सिंचन भवनात जाऊन तुमच्या जागेजवळच्या नदीच्या छेदावर लाल रेषेची पातळी, आर.एल. (म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची), किती मीटर आहे ते लेखी अर्ज देऊन विचारा. नकाशावरची रेघ जाड असते, पातळीचा आकडा जाड नसतो. त्यानंतर एक सर्व्हेअर घ्या आणि तीन ठिकाणचे आर.एल. काढून आणायला सांगा: सोसायटीचं जोतं, गेटसमोरचा रस्ता, आणि तो रस्ता सिंहगड रोडला मिळतो तिथवरचा सगळ्यात सखल भाग. तिसरा आकडा कुणीच काढत नाही. दूध, अँब्युलन्स आणि तुमची आई मात्र त्याच रस्त्याने येणार-जाणार. अर्ध्या दिवसाचं काम आहे, टोकन देण्याआधी करून घ्या.