कावळ्यासमोर दिलेला शब्द

प्रिय मावशी,
मी २६ वर्षांची, राहणार जुनं नाशिक, तिवंधा चौकाजवळ. मार्गशीर्षात माझी आजी गेली. ८६ वर्षांची होती, पण आमच्या घरातली सगळ्यात वांड मुलगी तीच. झब्बू खेळताना नको असलेली पानं मांडीखाली दडवायची, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची, गल्लीतल्या प्रत्येकाला तिने एकेक नाव ठेवलेलं होतं. रंगपंचमीला माडीच्या खिडकीतून रहाड बघायची (चौकातला रंगाचा हौद; त्यात उडी मारणं म्हणजे धप्पा) आणि दर वर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी मी धप्पा मारणार." दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. काका म्हणाले, गावची जमीन विकणार नाही. बाबा म्हणाले, सगळ्यांना धरून राहीन. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भ हातात घेऊन बसले, तेव्हा मी पुढे होऊन म्हणाले, "आजी, तुझा धप्पा मी मारीन." आणि कावळा आला! मला जे हसू फुटलं ते थांबेचना. सगळे बघत राहिले. आता रंगपंचमी जवळ आली आहे आणि बाबा म्हणतात, वर्षभर या घरात रंग नाही. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलतही नाहीत. पेपरातल्या श्रद्धांजलीत आजीला 'सोज्वळ, धर्मपरायण' केलंय. ती तशी नव्हती हो! बाबांच्या या बुरसटलेपणापायी मी आजीला दिलेला शब्द मोडू का?
— तिची भिडू

प्रिय भिडू,

गुरुजी दर्भ हातात घेऊन बसले इथपर्यंत मी गंभीर होते. पुढचं वाक्य वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की स्वयंपाकघरातून विचारणा झाली. तेव्हा घाटावर हसलीस त्याचा हिशेब आपण इथेच मिटवून टाकू. ज्या बाईने तुला आयुष्यभर हसवलं, तिने जाताजाता शेवटचं एकदा हसवलं. लोक बघत होते, बघू देत. दहाव्याला रामकुंडावर आलेली माणसं शेजारच्या पिंडाला कावळा आधी शिवला म्हणून हेवा करताना मी पाहिली आहेत. तुझं हसणं त्यापेक्षा पुष्कळ सभ्य.

कावळा का आला, ते मला विचारू नकोस. त्याला भूक लागली असेल. पण तू शब्द कावळ्याला दिलेला नाहीस, आजीला दिला आहेस, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो याबद्दल माझं काही दुमत नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. 'बुरसटलेपणा' हा शब्द आधी मागे घे.

तुझे बाबा साठीच्या आसपासचे असतील. म्हणजे १९६९ च्या महापुरात ते सहा-सात वर्षांचे पोर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर गंगेचा पूर मोजणारं हे गाव. त्या वर्षी मोजायला मारुतीच दिसत नव्हता, असं आमच्याकडे सांगायचे. त्या रात्री आजी तिशीची होती. पदरात पोरं, घरात सासू-सासरे, डोक्यावरून पदर. ती तेव्हा शिट्टी मारत होती असं वाटतं तुला? तुला जी आजी मिळाली ती जबाबदाऱ्या संपल्यावरची, पोरं मार्गी लागल्यावरची, कुणाला भ्यायचं कारण न उरलेली. बाबांच्या वाट्याला आई आली. चार वाजता उठणारी, पाढे चुकले की हातातला चमचा फेकून मारणारी, पैसे पुरवून पुरवून वापरणारी. हे माझे अंदाज आहेत, चुकीचेही असतील. पण आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हेच आहे. जी बाई आम्हाला कधी मांडीवर घेऊन बसली नाही ती नातवंडांबरोबर पत्ते खेळते आणि वर चोरतेही, हे बघून आनंद होतो आणि आत कुठेतरी थोडं टोचतंही. हे बोलून दाखवायची सोय नसते. आईचा हेवा कोण कबूल करेल?

म्हणून 'सोज्वळ, धर्मपरायण' या शब्दांवर फार रागावू नकोस. पेपरची जाहिरात माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायची असते. तेव्हा डोकं चालत नाही, समोरचा विचारतो 'नेहमीचा मजकूर टाकू का?' आणि आपण मान हलवतो. बाबांनी तुझी आजी मुद्दाम पुसली नाही. त्यांना तेवढंच सुचलं.

माझा स्वतःचा गुन्हा सांगते. माझी आई गेली तेव्हा फ्रेमसाठी फोटो हवा होता. घाईत मी तिच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून आणला. डोळे ताठ, ओठ मिटलेले, कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या कुठल्याही म्हातारीसारखी. खरं तर ती बोलताना टाळ्या मागायची. हार घातला, भिंतीवर लागला, आणि पंधरा वर्षं तोच राहिला. परवा माझ्या नातीने विचारलं, "पणजी खूप रागीट होती का?" मी फोटो बदलला. त्यासाठी मला पंधरा वर्षं लागली. तुमच्या भिंतीवर अजून फोटो लागला नसेल तर तू लक्ष घाल. लागला असेल तरी खिळा तोच ठेवून फोटो बदलता येतो.

आता रंगाचं. वर्षभर सण करायचा नाही ही पद्धत मी मोडीत काढणार नाही. माणूस गेलं की घराला जरा थांबायला मिळावं, दाराशी कुणी गुलाल घेऊन आलं तर 'आमच्याकडे यंदा नाही' एवढं म्हणून दार लावता यावं, ही सवलत वाईट नाही. तुझ्या बाबांना ती हवी असेल तर मिळू दे. पण आपल्याच गावाचा दुसरा रिवाजही त्यांना माहीत आहे. धुळवडीला वीर निघतात ना? खोबऱ्याच्या वाटीत पूर्वजांचे टाक घेऊन, हलगीच्या तालावर नाचत नाशिककर गंगेवर जातात. दाजिबा वीराची गोष्ट तर तुला आजीनेच सांगितली असेल. लग्न ठरलेला, हळद लागलेला माणूस वाटेत मारला गेला, त्याची इच्छा अपुरी राहिली, म्हणून बाशिंग बांधलेला वीर अजून मिरवतो. धुळवडीपासून पाचव्या दिवशी रंगपंचमी. अपुऱ्या इच्छेसाठी नाचणारं हे गाव, त्यात तुझी आजी काही जगावेगळं मागत नव्हती. (बाबांशी वाद घालताना हे वापरू नकोस. ते तुझ्यापेक्षा जास्त वीर बघून बसलेत.)

आता काय करायचं ते सांगते. रंगपंचमीच्या आठेक दिवस आधी, रात्री जेवणं झाल्यावर, आजीचा पत्त्यांचा कॅट बाहेर काढ. पानं वाट. काही बोलू नकोस. बाबा उठून गेले तर जाऊ दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट. बसले तर खेळ, आणि दोन डाव झाल्यावर विचार, "आजी तुमच्याशीपण असंच चोरायची का?" उत्तर 'नाही' येईल असं मला वाटतं. मग पुढचं विचार: पुराच्या वेळी आपण कुठे होतो, तिने आधी काय उचललं, रात्र कुणाच्या घरी काढली. ती पहिल्यांदा मोठ्याने कधी हसली तुमच्यासमोर? शिट्टी मारायला कुठे शिकली? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणालाच माहीत नसण्याची शक्यता दाट आहे, पण विचार. त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करून ठेव. तुझी ८६ वर्षांची आजी आणि त्यांची तिशीची आई, दोघी एका घरात राहू शकतात, पण त्यासाठी कुणीतरी पाहुणचार करायला हवा आणि तो तुलाच करावा लागेल, कारण पत्र तू लिहिलंस.

आणि गल्लीतल्या लोकांना ठेवलेली नावं लिहून काढ. ही गोष्ट सर्वांत आधी कर. गोष्टी लक्षात राहतात, नावं पाच वर्षांत उडतात. कुणाला, का आणि कधी, असं सगळं. वही मात्र जपून ठेव, त्यातली निम्मी माणसं अजून चालतीबोलती असणार.

हे सगळं झाल्यावर मग बाबांना स्पष्ट सांग: मी तिला शब्द दिला आहे, घरात रंग आणणार नाही, पण चौकात जाऊन एक धप्पा मारून येईन, तुम्ही चालणार का? लपूनछपून जाऊ नकोस. तिवंध्याची रहाड पिवळी. पानाफुलांचा उकळून केलेला तो रंग दोन-तीन दिवस तरी अंगावरून उतरत नाही, आणि पिवळे कान घेऊन जेवायला बसलीस की कुणाला सांगायची गरज राहणार नाही. बाबांनी आधी ऐकलेलं बरं.

ते 'नाही' म्हणाले तर? तर या वर्षी खिडकीत उभी राहा. रहाड कुठे पळत नाही. पेशवाईपासून आहे, वर्षभर ओंडके टाकून बुजवलेली असते, वरून रिक्षा आणि स्कूटी जातात, आणि फाल्गुनात पुन्हा उघडते. तुझ्या आजीने साठ-पासष्ट वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत काढली, तू एकदा म्हणालीस तर ती समजून घेईल. दुसऱ्यांदा मात्र म्हणू नकोस. तिची सवय उचलशील.

'हो' म्हणाले तर मंडळातल्या कुणाला तरी आधी भेटून ये, बायकांना उतरायची काय सोय आहे, कोणत्या वेळी, ते विचारून ठेव. मानाची उडी होईपर्यंत धीर धर. अंगाला आणि केसांना खोबरेल चोपड, कानातलं काढून घरी ठेव, नवा ड्रेस घालू नकोस. मोबाईल बाबांच्या हातात दे. आणि धप्पा मारताना नाक घट्ट दाब. मी नव्हतं दाबलं.