वाचकांचे प्रश्न : शाळेतले प्रशिक्षण, शाळेतले मंत्रिमंडळ

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत सोळा शिक्षक आहेत. तालुक्याच्या प्रशिक्षणाला जाऊन आले तरी दुसऱ्या दिवसापासून शिकवणे पहिल्यासारखेच. शाळेतच काही करायचे तर सुरुवात कुठून करावी? – एक पर्यवेक्षक

उत्तर : प्रशिक्षणात ऐकलेले स्वतःच्या वर्गात करून पाहताना शेजारी कोणी नसते, आणि पहिला प्रयत्न फसला की माणूस सवयीवर येतो. म्हणून व्याख्यान ठेवू नका. शिक्षकांच्या आठ जोड्या करा आणि एकमेकांचे पाठ बघायला लावा. विषय वेगळे असले तरी चालतील.

महिनाभर एकच बारीक गोष्ट धरा. प्रश्न विचारल्यावर थांबणे, ही सुरुवातीला उत्तम. अमेरिकेत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

पाहणाऱ्याने मागच्या बाकावर बसून कागदावर बाकांचा नकाशा काढावा. ज्याला प्रश्न गेला त्याच्या जागी टिंब, शिक्षकाने स्वतःच उत्तर देऊन टाकले तर फुली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली वीस मिनिटे पुरतात. बहुधा टिंबे पुढच्या दोन बाकांवर दाटलेली दिसतात आणि खिडकीकडची अख्खी रांग कोरी. तो कागद त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकाच्या हाती द्यावा आणि आधी त्यालाच विचारावे, ‘सर, तुम्हाला यात काय दिसतंय?’ शेरा, गुण काही नको.

बिघडते ते दोन ठिकाणी. पहिले वेळापत्रकात. जोडीला एकाच वेळी ऑफ तास दिला जातो. मग कोणी कोणाचा पाठ पाहायचा? एकाचा ऑफ तास दुसऱ्याच्या तासिकेवर आला पाहिजे. जूनमध्येच तो पक्का करा आणि बदली तासिकेसाठी त्याला हात लावू नका, नाहीतर पंधरा दिवसांत सगळे बंद पडेल. दुसरे, हा कागद लॉग बुकला, म्हणजे मुख्याध्यापकांच्या पाठ निरीक्षणाच्या वहीला जोडला की संपले. शिक्षक ठेवणीतला पाठ घेतात, मुलांना उत्तरे आदल्या दिवशी सांगून ठेवतात. मुख्याध्यापकांचे पाठ निरीक्षण वेगळे ठेवा, हे वेगळे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास शिकत राहावे असे म्हटले आहे. ते सगळे सभागृहातच घालवावेत असे त्यात नाही.

प्रश्न : जुलैत मुलांच्या शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक, शपथ, फोटो, पुढे काहीच नाही. मुलांकडून नेतृत्व कसे करवून घ्यावे? – एक शिक्षिका

उत्तर : खाते दिले, पण निर्णय दिला नाही, हे दुखणे. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या वसतिगृहात मुलेच राबत आणि एकत्र राहत; जबाबदारी खरी होती. तुम्ही एका खात्यापासून सुरू करा. समजा, पाणी व स्वच्छता. सत्राला ५०० रुपये त्या गटाच्या हाती द्या. साबण कोणता, किती, नळाची चकती कधी बदलायची, हे त्यांनी ठरवावे. रोजकीर्द मुलांनी लिहावी, पावत्या चिकटवाव्यात, शिक्षकाने आठवड्याला तपासावी. साबण आठ दिवसांत संपला तर लगेच भर घालू नका. का संपला हे त्यांनाच शोधू द्या.

गट आठवी-नववीचा घ्या, कारण दिवाळीनंतर दहावी सरावपरीक्षांत अडकते. सहा आठवड्यांनी गट बदला, पण जुन्यांनी एक आठवडा नव्यांबरोबर राहावे. मुलींकडे रांगोळी-स्वागत आणि मुलांकडे मैदान-माईक, ही वाटणी आपोआप होते. ती मोडावीच लागते.

मॉनिटरला फळ्यावर नावे लिहायला लावणे आजच थांबवा. त्यातून तो मित्र गमावतो, नाहीतर नाव पुसण्याच्या बदल्यात डब्यातला खाऊ घेऊ लागतो. त्याऐवजी गैरहजर मुलापर्यंत अभ्यास पोहोचवण्याचे काम द्या.

पंधरवड्याला अर्ध्या तासाची बैठक घ्या. वहीत तीनच रकाने : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. मागणीला मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ‘नाही’ असेल तर कारणासह. उत्तर आले नाही तर तिसऱ्या बैठकीला मुले येत नाहीत.

बैठकीत सर्वांत अवघड काम तुमचे आहे : शांतता पसरली तरी गप्प बसणे. वरच्या प्रश्नातला टिंबांचा कागद इथेही कामी येतो. एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा आणि कोण किती वेळा बोलले याची टिंबे घालायला सांगा, तुमच्या खुर्चीवरचीसुद्धा.