घाट चढून आल्यावर जुन्या अल्टोखाली अचानक ऑइल गळतंय, इंजिन खोलावं लागेल का?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं. 2007 ची अल्टो आहे, मागच्याच पंधरवड्यात ऑइल आणि फिल्टर बदललाय. पुण्याहून येताना खंबाटकी चढून साताऱ्यात आलात. हायवे सोडून गावात वळताना ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि सकाळी गाडीखाली ताटाएवढा काळा डाग दिसला. एका गॅरेजवाल्याने वाकून बघितलं आणि 'हाफ इंजिन करावं लागेल' म्हणून सांगितलं, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगा वगैरे बदलायचं मोठं काम. रविवारी पुण्याला परत जायचंय.

माझं साताऱ्यातच गॅरेज आहे, आणि जुन्या मारुत्यांचंच काम जास्त येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हाफ इंजिनला आज अजिबात होकार देऊ नका. ऑइलने माखलेलं इंजिन नुसतं वाकून बघून कुठून गळतंय हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

आधी गाडी सपाट जागी लावा आणि डिपस्टिक पुसून बघा. तुमच्या इंजिनात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपासच ऑइल बसतं, त्यामुळे एक लिटर गेलं तरी तो तिसरा हिस्सा झाला. वळताना दिवा लुकलुकला त्याचं कारण बहुधा हेच असणार. ऑइल कमी झालं की वळणावर ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, एका बाजूला जातं आणि ऑइल पंपाची जाळी क्षणभर हवा ओढते. तो दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, दाब किती आहे ते दाखवतो. म्हणजे तो लागेपर्यंत पातळी बरीच खाली गेलेली असते. यापुढे तो लागला, अगदी क्षणभर का होईना, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'समोरच पेट्रोल पंप आहे, तेवढं जाऊ' हा विचार करू नका. दाब नसताना बेअरिंग खरवडायला फार वेळ लागत नाही, आणि मग खरोखरच इंजिनचं काम निघतं.

पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं टाका आणि दर वेळी मोजा. वरच्या खुणेच्या वर मात्र नेऊ नका. जास्त झालं की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) त्यात घुसळतो, फेस होतो आणि गळती वाढते.

आता गळतीकडे वळू. एक गोष्ट लक्षात घेतली की निम्मा शोध तिथेच संपतो. इंजिनात ऑइल दोन तऱ्हेने असतं. काही ठिकाणी ते पंपाच्या दाबाखाली असतं, गाडी रस्त्यावर पळताना तीन-चार किलो दाब असतो. फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच त्या वाटेवर आहेत. बाकी ठिकाणी, म्हणजे टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण), कॅम आणि क्रँकचे सील (फिरत्या दांड्यांच्या टोकांची रबरी सील), चेंबरचं पॅकिंग, ड्रेन नट (ऑइल काढायचा खालचा नट) इथे ते नुसतं उडतं, ओघळतं किंवा साठून राहतं. या दुसऱ्या गटातली गळती सहसा महिनोन् महिने आधी ओल दाखवते, धूळ चिकटवते, मग हळूहळू वाढते. काल नव्हतं आणि आज धार लागली, असं झालं तर मी आधी दाबाच्या वाटेवर आणि नुकत्याच उघडलेल्या जागांवर बघतो. तुमच्याकडे तर ऑइल नुकतंच बदललंय. घाटात इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, रेस जास्त राहते, आणि कुठे काही कच्चं राहिलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

म्हणून पहिला संशय फिल्टरवर. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की काही दिवस टिकतात आणि एखाद्या चढावर एक रिंग बाहेर सरकते. फिल्टर खोलून बसण्याच्या जागेवरून बोट फिरवा. दुहेरी रिंग सापडली तर सगळा खर्च नवा फिल्टर आणि गेलेलं ऑइल एवढाच. बसवताना रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पुढे पाऊण आटा. पाना लावून आवळायची गरज नसते. त्याच वेळी ड्रेन नट आणि त्याचा वॉशरही बघून घ्या. नट नुसताच फिरत असेल, आवळत नसेल, तर आटे गेलेत. तिथे एम-सील फासून पुण्याला निघू नका, एमआयडीसीत लेथवाला आटे नवे पाडून देतो.

दुसरा संशय ऑइल प्रेशर स्विचवर. ब्लॉकवर एक वायर लागलेला छोटासा भाग असतो. त्याच्या आत पातळ पडदा असतो. तो फाटला की इंजिन चालू असेतो ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं आणि बंद केलं की थांबतं. ओळखायला सोपं आहे. वायरची टोपी ओढून काढा, आत ऑइल भरलेलं दिसलं तर स्विच गेला. काही शे रुपयांचं काम. कोरेगावकडच्या एका शिक्षकांना याच बिघाडासाठी दुसरीकडे अख्खं इंजिन खोलायचा अंदाज दिला होता. स्विच बदलला, गाडी आजही रोज धावते. अशा वेळी मला मनापासून राग येतो, कारण जुनी गाडी ठेवणारा माणूस बहुधा हौसेने नाही, परवडत नाही म्हणून ती ठेवतो.

या दोन्ही जागा कोरड्या निघाल्या तर इंजिन धुवा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तीच खरी तपासणी. इंजिन पूर्ण गार असू द्या. अल्टरनेटर आणि सेन्सरच्या जोडण्या प्लॅस्टिकने झाका. ब्रशने डिझेल किंवा डीग्रीझर लावून घासा, पाणी मारा, वाळू द्या. पेट्रोल वापरू नका, एक ठिणगी पुरते. वाळल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा, पाच-सात किलोमीटर फिरून या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीवर ओघळ स्पष्ट उमटतो. त्याच्या मागे वर वर जात राहा. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा ही सहसा गळतीची जागा नसते. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधायची.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग इतक्या वर्षांनी जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं ताठरलेलं असतं. तिथून ओघळलेलं ऑइल गरम मॅनिफोल्डवर पडलं तर जळका वास आणि धूर येतो. हा वास येत असेल तर दुरुस्ती पुढे ढकलू नका, आगीची भीती असते. नवं पॅकिंग बसवताना दोन्ही कडा कापडाने पुसून कोरड्या करा, ॲल्युमिनियमवर स्क्रू-ड्रायव्हर घासू नका, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. सिलिकॉन लावायचंच तर कोपऱ्यात थेंबभर. सगळीकडे जाड थर लावला की आतल्या बाजूला सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि ऑइलचा दाब कमी होतो. मग गळती बंद, पण इंजिन धोक्यात.

नवं पॅकिंग टाकण्याआधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटा) चोंदलेत का ते बघायलाच हवं. आतला वायू बाहेर जायला वाट नसेल तर तो सील ढकलून वाट काढतो, आणि नवं पॅकिंगही महिन्याभरात ओलं होतं. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल करा. किंचित वाफ आली तर ठीक. धुराचे लोट जोराने बाहेर येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि तेव्हा मात्र हाफ इंजिनचं बोलणं खोटं नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकत असेल तर लोक लगेच क्रँकच्या मागच्या सीलचं नाव घेतात. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी बरीच होते. त्यामुळे आधी हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, गिअरबॉक्सकडचं टोक तपासा. मारुती 800 मध्ये तिथे डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) बसतो. त्याची छोटी ओ-रिंग गेली की ऑइल नेमकं गिअरबॉक्सवर उतरतं आणि खाली त्याच सांध्यातून थेंब पडतात. अल्टोतही त्या टोकाला हात घालून बघा. वरची बाजू कोरडी ठणठणीत असेल तरच सीलचा निर्णय घ्या, आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर क्लच प्लेटही बघून घ्या, दुसऱ्यांदा मजुरी लागायला नको. टायमिंग बेल्टच्या बाजूचं सील गळत असेल तर ऑइल लागलेला बेल्टही बदला, त्याचं रबर फुगून लवकर तुटतं.

गळती थांबवणारी औषधं आणि दाट ऑइल यांच्या नादी लागू नका. स्विचच्या फाटलेल्या पडद्याला किंवा फिल्टरच्या सरकलेल्या रिंगेला त्याने काही होत नाही.

दुरुस्ती झाली की लगेच हायवेला लागू नका. यवतेश्वरचा घाट चढून या, इंजिन गरम असतानाच खाली पुठ्ठा टाका आणि रात्रभर राहू द्या. पुठ्ठा कोरडा आणि डिपस्टिकची पातळी जागेवर असेल तर रविवारी खुशाल निघा, शिरवळला एकदा थांबून पातळी बघा. पुठ्ठ्यावर थेंब पडलेच तर ओघळाचा फोटो वरच्या बाजूने काढून इथे पाठवा, कुठलं सील आहे ते बघून सांगतो.